वाजवायचं कुणी?

'स्टीली डॅन' या अमेरिकन बँडचा 'एजा' हा अल्बम सप्टेंबर १९७७ मध्ये बाजारात आला. त्यात सात गाणी आहेत आणि कोणत्या गाण्यात कुणी काय वाजवलं, हे वेष्टनावर गाणंवार छापलेलं आहे. ती यादी शांतपणे वाचत गेलं की एक गोष्ट खटकते. बँडच्या दोन कर्त्यांपैकी एक, वॉल्टर बेकर, हा गिटारवादक. पण 'ब्लॅक काउ' या पहिल्याच गाण्याच्या वादकांत त्याचं नाव नाही. सगळ्यात जास्त वाजलेल्या गाण्यांपैकी एक म्हणजे 'पेग', त्यातही नाही. 'डीकन ब्लूज'मध्ये तो सापडतो, पण बेसवर. गिटार तिथे लॅरी कार्लटन, ली रिटनॉर आणि डीन पार्क्स यांच्या हातात आहे. मुख्य गायक तर तो नव्हताच, सगळी गाणी डोनाल्ड फेगनच्या आवाजात आहेत. निर्माता म्हणून नाव आहे ते गॅरी कॅट्झचं. मग बेकरनं नेमकं केलं काय? स्टीली डॅनविषयी गंभीरपणे बोलायला बसलं की हा प्रश्न कधी ना कधी येतोच. त्याचं एक सोपं उत्तरही तयार असतं: गाणी दोघांनी मिळून लिहिली, तेव्हा तो अर्धा गीतकार. हे उत्तर खरं आहे, पण फार थोडं सांगतं. बेकरची पंचेचाळीस वर्षांची कारकीर्द एका ओळीत मांडली तर माझं म्हणणं असं आहे की कोणत्या जागी कुणी वाजवायचं, किती वाजवायचं आणि कुठे थांबायचं, हे ठरवणं हीच त्याची वादनकला होती. स्वतःची गिटार खाली ठेवण्याचा निर्णय हा तिच्यातला सर्वांत मोठा निर्णय. गिटारवादक बेकर आणि निर्माता बेकर अशी दोन माणसं नाहीत. एकच कान दोन्हीकडे काम करत होता.

हे समजायला जॅझ-रॉक या प्रकाराकडे जरा मागे जाऊन पाहावं लागतं. १९७०च्या दशकात या शब्दानं डोळ्यांपुढे यायचे ते महाविष्णू ऑर्केस्ट्रा, वेदर रिपोर्ट, रिटर्न टू फॉरेव्हर यांच्यासारखे समूह. वादकांची अचाट तयारी, अवघड मात्रासंख्या, लांबलचक वाद्यरचना, आणि रॉकच्या मैफलींइतका मोठा आवाज. तिथे जॅझमधून घेतलं होतं ते मुख्यतः वादकाचं स्वातंत्र्य. बेकर आणि फेगन यांनी जॅझमधून वेगळीच गोष्ट उचलली. त्यांनी घेतली ती स्वरसंगती, आणि ती तीन-चार मिनिटांच्या, रेडिओवर सहज लागणाऱ्या गाण्यात लपवून ठेवली. त्यांच्या एका आवडत्या कॉर्डला त्यांनी 'म्यू' असं नाव दिलं होतं. आपल्या सरगमच्या भाषेत सांगायचं तर सा, शुद्ध ग आणि प या साध्यासुध्या सुखद त्रिकुटात शुद्ध रे घालायचा, आणि तोही ग च्या अगदी शेजारी, खेटून. पियानोवर हे चार स्वर एकदम दाबून पाहावेत. रे आणि ग एकमेकांना जरासे घासतात, त्रिकुटाचा गोडवा तसाच राहतो, पण त्याच्या पोटात एक बारीक अस्वस्थता शिरते. स्टीली डॅनच्या गाण्यांचा जो रंग शब्द न कळताही ओळखू येतो, त्यात या घासण्याचा वाटा मोठा आहे. 'पेग' ऐकताना हे बारा बारचं ब्लूज आहे हे कुणाला सांगितल्याशिवाय कळत नाही, कारण ब्लूजच्या प्रत्येक ठरलेल्या कॉर्डच्या जागी तिथे कॉर्डची गुळगुळीत जोडी बसवलेली आहे. सांगाडा कृष्णवर्णीय ब्लूजचा, वर चढवलेलं कापड पॉपचं, अस्तर जॅझचं. अशा गाण्यात एखादा वादक सैल सुटून वाजवू लागला तर गाणं फाटतं. म्हणून इथे मोकळेपणाला आधी चौकट हवी होती, आणि चौकट हवी म्हटल्यावर ती आखणारा आणि राखणारा माणूसही आला.

बेकर २० फेब्रुवारी १९५० रोजी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात जन्मला. आधी सॅक्सोफोन, मग गिटार. गिटारवरचं ब्लूजचं वळण त्याला शेजारच्याच एका मुलाकडून मिळालं. हा रँडी वुल्फ पुढे 'स्पिरिट' या बँडचा रँडी कॅलिफोर्निया म्हणून नावारूपाला आला. १९६७ मध्ये बार्ड कॉलेजच्या आवारातल्या एका कॅफेत बेकर गिटारचा सराव करत होता, तो बाहेरून जाणाऱ्या फेगनच्या कानावर पडला, आणि त्या ओळखीतून पुढचं सगळं घडलं. दोघांना जोडणारा धागा जॅझच्या जुन्या रेकॉर्डींचा होता, काळ्या विनोदाच्या कादंबऱ्यांचा होता. ब्रुकलिनमध्ये राहून ते गाणी विकायला फिरले, 'जे अँड द अमेरिकन्स'च्या दौऱ्यांत साथीला वाजवलं, आणि १९७१ मध्ये कॅट्झमुळे लॉस एंजेलिसला एबीसी रेकॉर्ड्समध्ये पगारी गीतकार म्हणून गेले. तिथे कळलं की ही गाणी दुसऱ्या गायकांना पेलणारी नाहीत, म्हणून बँड उभा राहिला. १९७२च्या 'कान्ट बाय अ थ्रिल' या पहिल्या अल्बमवर बेकर बेस वाजवतो. गिटारला डेनी डायस आणि जेफ बॅक्स्टर आहेत. 'रीलिन' इन द इयर्स' या गाण्यातला गाजलेला गिटारचा सोलो मात्र या दोघांचाही नाही. तो बाहेरून बोलावलेल्या एलियट रँडलचा आहे. बँडमध्ये गिटारवादक असताना बाहेरचा माणूस आणायचा, हे पहिल्याच अल्बमपासून सुरू झालं होतं ही नोंद महत्त्वाची आहे. पुढे जे झालं ते यश डोक्यात गेल्यामुळे झालं असं म्हणणाऱ्यांना उत्तर म्हणून तेवढी एक नोंद पुरेशी आहे.

१९७४च्या 'प्रेट्झेल लॉजिक'च्या वेळी बेसवादक चक रेनी स्टुडिओत आला. त्याला ऐकल्यावर आपण आपली बेस स्टुडिओत आणायची गरज उरलेली नाही, असं बेकरला वाटलं आणि ते त्यानं पुढे उघडपणे सांगितलं. बँडच्या मालकानं आपलं ठरलेलं वाद्य दुसऱ्याच्या स्वाधीन करणं ही रॉकच्या जगात साधी गोष्ट नव्हती. बँड म्हणजे भाऊबंदकी, प्रत्येकाची जागा पक्की, अशी तिथली समजूत. बेकरनं ती बाजूला ठेवली, आणि बेस सुटल्यामुळेच त्याच्या हातात गिटार जास्त येऊ लागली. याच अल्बमवर ड्यूक एलिंग्टनची १९२०च्या दशकातली 'ईस्ट सेंट लुईस टूडल-ऊ' ही रचना आहे. मूळ ध्वनिमुद्रणात बबर माइलीचा ट्रम्पेट तोंडाशी झाकण धरून गुरगुरत, कण्हत बोलतो. बेकरनं तो सबंध भाग गिटारवर उतरवला, आवाजाला बोलका आकार देणाऱ्या साधनाच्या मदतीनं, आणि ट्रोम्बोनचा भाग बॅक्स्टरनं पेडल स्टीलवर. स्वतःचं काही घालण्याचा मोह दोघांनीही टाळला आहे. ज्याला आपण नक्कल म्हणून सोडून देऊ, तिच्यात बेकरच्या दृष्टीची किल्ली आहे असं मला वाटतं. त्याआधी जवळजवळ पन्नास वर्षं माइलीला एका क्षणी जे सुचलं, ते एकदा उमटल्यावर रचनेइतकंच पक्कं झालं, जपण्यासारखं झालं. उत्स्फूर्त वादन ही तात्पुरती गोष्ट आहे असं मानणारा माणूस असं करणार नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये सांता मोनिकात बँडचा कार्यक्रम झाला आणि त्यानंतर एकोणीस वर्षं स्टीली डॅन मंचावर आला नाही. दौरे संपले, बॅक्स्टर 'डूबी ब्रदर्स'मध्ये गेला, आणि बँड या शब्दाला अर्थ उरला तो दोन लेखक आणि स्टुडिओ एवढाच.

'पेग'मधल्या सोलोची गोष्ट या संदर्भात सगळेच सांगतात. सहा-सात गिटारवादकांनी तो वाजवून पाहिला आणि एकेक करून सगळे टेक बाजूला पडले. शेवटी जे ग्रेडनचा ठेवला. ही गोष्ट सांगितली जाते ती बहुधा दोन हट्टी माणसांचा विक्षिप्तपणा म्हणून. १९९९ मध्ये 'एजा'वर एक माहितीपट निघाला. त्यात बेकर आणि फेगन मिक्सिंगच्या टेबलाशी बसून जुन्या टेपचे ट्रॅक एकेक करून वर-खाली करताना दिसतात. नाकारलेले सोलोही ते वाजवून दाखवतात. ऐकणाऱ्याला प्रथम नवल वाटतं, कारण त्यांत वाईट काही नाही. बोटं स्वच्छ आहेत, सूर बरोबर आहेत. पण त्यातला ब्लूज एकतर फार सरळ येतो, नाहीतर खालून सरकणाऱ्या कॉर्डना ओळखच देत नाही. मग ग्रेडनचा येतो. सुरुवातीलाच दोन तारा एकदम खेचून तो असा सूर काढतो की तो जणू हवाईयन गिटारमधून घरंगळत आला आहे. त्यात ब्लूज आहे आणि ब्लूजची थोडी थट्टाही आहे, आणि गाणं ज्या मुलीविषयी आहे तिच्या पडद्यावरच्या चमचमाटाशी ते अगदी जुळतं. त्याच टेबलावर साथीला गाणाऱ्या मायकेल मॅकडॉनल्डच्या आवाजाचे एकावर एक चढवलेले थर वेगळे करून ऐकवले जातात. एकच माणूस इतक्या जवळच्या सुरांत स्वतःशीच मिळवून गातो आहे, हे पूर्ण गाण्यात लक्षातही येत नाही. बेकर त्या दृश्यात फारसं समजावून सांगत नाही. एक पट्टी वर करतो, ऐकतो, खाली आणतो. सूर योग्य की अयोग्य, हा त्याच्यापुढचा प्रश्न दिसतच नाही. हा सूर या गाण्यातल्या माणसाचा आहे का, एवढंच तो तपासत असतो. स्वतः गिटार वाजवणाऱ्यालाच हा फरक इतका बारीक ऐकू येतो, आणि 'आपण वाजवलं असतं तर ते असं झालं नसतं' हेही त्यालाच प्रामाणिकपणे कळतं.

निवडीच्या या पद्धतीवरचा सर्वांत वजनदार आक्षेप जॅझच्या बाजूनं येतो. जॅझ हे क्षणाचं संगीत आहे. वादकाला जे आत्ता सुचलं ते पुन्हा होणे नाही, त्यातच त्याचा जीव आहे. मग सात जणांकडून वाजवून घ्यायचं आणि दुकानात कापड निवडावं तसं एक निवडायचं, यात जॅझ उरला कुठे? आक्षेप मोलाचा आहे, पण तो मैफलीतला जॅझ आणि रेकॉर्डवरचा जॅझ यांची गल्लत करतो. चार्ली पार्करनं सव्हॉय आणि डायल या कंपन्यांसाठी केलेल्या मुद्रणांचे पर्यायी टेक पुढे प्रसिद्ध झाले आणि ते अभ्यासकांना पाठ आहेत. ते अस्तित्वात आहेत याचाच अर्थ कुणीतरी ऐकून एक ठेवला आणि बाकीचे बाजूला केले. जॅझ-रॉक या प्रकाराचा पायाच ज्या दोन रेकॉर्डींनी घातला असं मानतात, त्या माइल्स डेव्हिसच्या 'इन अ सायलेंट वे' आणि 'बिचेस ब्रू', दोन्हींचं मुद्रण १९६९चं. त्यांत टीओ मासेरो या निर्मात्यानं टेप कापून, जोडून, तुकडे पुन्हा वापरून त्यांचं रूप घडवलं. म्हणजे हा प्रकार जन्मला तोच संपादनाच्या टेबलावर. बेकर आणि फेगन यांनी त्या टेबलावरचं काम लपवलं नाही, एवढंच. शिवाय, हे दोघे म्हणजे प्रत्येक सूर शंभर वेळा घोटणारे, ही समजूतही पुरती खरी नाही. 'एजा' या शीर्षकगीतात वेन शॉर्टरचा टेनर सॅक्सोफोन आणि त्याखाली स्टीव्ह गॅडचे ड्रम उसळत जातात, तो भाग स्टीली डॅनच्या साऱ्या कामातला सर्वांत मोकळा भाग आहे. गॅडनं तो पहिल्या एक-दोन टेकमध्ये वाजवला आणि तिथेच काम थांबलं. घोटण्याचीच आवड असती तर त्यांनी गॅडलाही आणखी वीस वेळा बसवलं असतं. हवं ते ऐकू आलं की थांबायचं हे त्यांना कळत होतं. 'पेग'ला ते सातव्या-आठव्या माणसाकडून आलं, इथे पहिल्या फटक्यात आलं.

वादकांना असं बोलावून, वाजवून घेऊन, वाजवलेलं टाकून देणं हे त्यांना भाडोत्री ठरवण्यासारखं आहे, असंही म्हटलं जातं. त्याचं उत्तर 'एजा'च्या वेष्टनावरच आहे. त्या काळात असंख्य गाजलेल्या पॉप रेकॉर्डींवर स्टुडिओतल्या वादकांचं नावही नसे. इथे प्रत्येक गाण्याखाली प्रत्येकाचं नाव आहे, आणि सोलो कुणाचा हे वेगळं लिहिलेलं आहे. कार्लटन, रेनी, बर्नार्ड पर्डी, रिक मरोटा, व्हिक्टर फेल्डमन ही नावं सामान्य श्रोत्यांच्या तोंडी बसली, त्यात या यादीचा हात मोठा आहे. 'होम अ‍ॅट लास्ट'मधल्या पर्डीच्या शफलवर आजही ड्रमर तासन्‌तास बोलतात. वादकाला ज्या जागी तो सर्वांत जास्त खुलेल ती जागा देणं, आणि मग त्याचं नाव लावणं, याहून मोठा मान स्टुडिओतल्या वादकाला कोणता द्यायचा?

तिसरा आक्षेप जास्त अडचणीचा आहे, कारण त्यात तथ्य आहे. सत्तरच्या दशकातल्या सगळ्या अल्बमांचा निर्माता कॅट्झ होता. ध्वनीची जबाबदारी रॉजर निकोल्ससारख्या इंजिनिअरची होती. आणि बेकर नसताना फेगननं १९८२ मध्ये 'द नाइटफ्लाय' हा स्वतःचा अल्बम काढला, तो याच कॅट्झ-निकोल्स मंडळींबरोबर, आणि तो कुठेही उणा नाही. मग बेकरशिवाय अडलं काय? काहीच अडलं नाही, हे आधी मान्य करायला हवं. तो चकचकीत, मोजून-मापून बसवलेला ध्वनी बेकरची एकट्याची मिळकत नव्हती. पण 'द नाइटफ्लाय' आणि 'एजा' एकापाठोपाठ ऐकले की वेगळेपण जाणवतं. 'द नाइटफ्लाय' हा पन्नासच्या दशकाच्या अखेरीला उपनगरात वाढणाऱ्या एका मुलाच्या स्वप्नांचा अल्बम आहे, मायेनं मागे वळून पाहणारा. त्यात ऊब आहे. स्टीली डॅनच्या गाण्यांतली ती थंड, अंगावर काटा आणणारी माणसं, जुगारी, पळपुटे, स्वतःला फसवणारे अधेड पुरुष, तिथे जवळजवळ नाहीत. सुंदर वाजणाऱ्या गाण्याच्या मध्यभागी एक कुजकं माणूस उभं करायचं आणि वादनानं त्याला ना क्षमा करायची ना शिक्षा, हे बेकर असताना होतं. आणि कोणत्या सोलोनं त्या माणसाचा खोटेपणा उघडा पडेल, हे ओळखणं ही वादनाचीच बाब आहे. बेकरच्या स्वतःच्या सोलोंतही ते ऐकू येतं. 'ब्लॅक फ्रायडे' घ्या किंवा 'जोसी' घ्या. लहान लहान वाक्यं, तालाच्या जरा मागे रेंगाळणारी, मध्ये मोकळ्या जागा, आवाजाला फारसा मुलामा नाही. कार्लटन 'किड शार्लमेन'मध्ये आभाळात झेप घेतो. बेकर खुर्चीवर मागे रेलून, डोळे बारीक करून बोलतो. जिथे झेप हवी तिथे त्यानं कार्लटनला बसवलं आणि जिथे हे रेलून बोलणं हवं तिथे तो स्वतः बसला, एवढी साधी ही विभागणी आहे.

या पद्धतीची मर्यादा दिसते ती १९८०च्या 'गाउचो'मध्ये, आणि तिथे बेकरची वकिली करण्यात अर्थ नाही. माणसाच्या हाताला जी अचूकता येईना ती यंत्रातून मिळावी म्हणून निकोल्सनं 'वेंडेल' नावाचं यंत्र बनवलं. खऱ्या ड्रमचे साठवलेले आवाज ते ठरल्या क्षणी, केसाचाही फरक न होऊ देता वाजवायचं. 'हे नाइन्टीन' ऐकताना ते कळतं. ठेका निर्दोष आहे, आणि त्या निर्दोषपणामुळेच अंगात शिरत नाही. 'टाइम आउट ऑफ माइंड'साठी गिटारवादक मार्क नॉफ्लरनं तासन्‌तास वाजवलं आणि गाण्यात काही सेकंद उरले. 'द सेकंड अरेंजमेंट' हे जवळजवळ पुरं झालेलं गाणं एका सहायकाच्या हातून चुकून पुसलं गेलं, ते पुन्हा उभं करायचा प्रयत्न झाला आणि सोडून द्यावा लागला. निवड हे वादन असेल तर निवडीचाही अतिरेक होऊ शकतो. पर्याय इतके वाढतात की ऐकणाऱ्याचा कानच थकतो. बेकरचा तो काळ वैयक्तिक आयुष्यातही फार कठीण होता. व्यसन होतं, जवळच्या व्यक्तीचा मृत्यू झाला होता, आणि १९८० मध्ये रस्त्यात टॅक्सीनं धडक दिल्यामुळे पाय मोडून तो इस्पितळात पडला. उरलेलं काम त्याला फेगनशी फोनवर बोलून करावं लागलं. तरी 'गाउचो'तला बिघाड या दुर्दैवाच्या खात्यावर टाकून मोकळं होता येत नाही. यंत्र आणलं ते अपघाताच्या आधी. जो कान 'एजा'मध्ये गॅडच्या पहिल्या फटक्याला थांबला, तोच इथे थांबायचं विसरला. १९८१ मध्ये जोडी फुटली आणि बेकर हवाईतल्या माउई बेटावर राहायला गेला, व्यसनातून बाहेर पडला.

त्यानंतरचं काम लोकांनी फार कमी ऐकलं आहे, आणि माझ्या मते पुराव्याच्या दृष्टीनं तेच सर्वांत महत्त्वाचं आहे, कारण तिथे ना कॅट्झ आहे ना फेगन. १९८५ मध्ये त्यानं लिव्हरपूलजवळच्या 'चायना क्रायसिस' या ब्रिटिश बँडच्या 'फ्लॉन्ट द इम्परफेक्शन'ची निर्मिती केली. ही पोरं नाजूक सिंथेसायझर-पॉप करणारी, जॅझची तालीम नसलेली. बेकरनं त्यांच्या जागी लॉस एंजेलिसचे पट्टीचे वादक बसवले असते तर 'एजा'ची एक फिकी प्रत निघाली असती. त्यानं त्यांचाच गायक, त्यांचेच हात ठेवले, त्यांचा हळवा, जरा अडखळता स्वभाव तसाच राहू दिला आणि खालची स्वरसंगती तेवढी सावरून घेतली. अल्बमचं नावच अपूर्णता मिरवा असं सांगणारं, आणि बँडनं वेष्टनावर त्याला चक्क सदस्य म्हणून नोंदवलं. निर्दोषपणाचा वेडा अशी ज्याची ख्याती, त्याच्या हातून हे झालं. १९८९चा रिकी ली जोन्सचा 'फ्लाइंग काउबॉईज' याहून पुढे जातो. जोन्सचं गाणं तालाशी आणि शब्दांशी वाटेल तशी लपाछपी खेळणारं, चौकटीत बसवू गेलं तर मरणारं. बेकर तिथे चौकट जवळजवळ दिसूच देत नाही. रेगेचा सैल ठेका, भरपूर हवा, आणि मध्यभागी तिचा आवाज. त्यातलं 'द हॉर्सेस' दोघांनी मिळून लिहिलं. पुढे डॅरिल ब्रेथवेटनं गायलेलं तेच गाणं १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियात पहिल्या क्रमांकावर गेलं. नव्वदच्या सुरुवातीला तर त्यानं सरळ जॅझचेच अल्बम केले: पियानोवादक अँडी लॅव्हर्न, बासरीवादक जेरेमी स्टाइग, सॅक्सोफोनवादक बॉब शेपर्ड यांच्यासारख्यांचे. गुणी वादक एका खोलीत बसवून वाजवू द्यायचं, असं हे काम. त्यात बेकरचा म्हणून ओळखू येणारा शिक्का शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही, आणि हीच त्या कामाची कमाई आहे. ज्याला फक्त आपला ध्वनी दुसऱ्यावर लादता येतो असा निर्माता इथे उघडा पडला असता.

फेगनला बरीच वर्षं लिहिणं जमत नव्हतं. १९९३ मध्ये त्याचा 'कामाकिरियाड' आला, आणि त्याचा निर्माता बेकर. मुख्य गिटार आणि बेसही बेकरचीच. दोघांच्या नात्यातला हा बदल पुरेसा बोलला गेला नाही. ज्याचं नाव स्टीली डॅनच्या अल्बमांवर निर्मात्याच्या ओळीत कधी नव्हतं, तो आता आपल्या जुन्या जोडीदाराच्या अल्बमचा कर्ता झाला, आणि ज्या गिटारसाठी तो एके काळी इतरांना बोलावत होता ती त्यानं स्वतःकडे घेतली. पुढच्याच वर्षी '११ ट्रॅक्स ऑफ व्हॅक' हा त्याचा स्वतःचा पहिला अल्बम निघाला. नावात अकरा, आत बारा गाणी. बेकरचा आवाज जाडाभरडा, सुराला कसाबसा टेकणारा. ध्वनी ठिकठिकाणी कच्चा आहे, ड्रम काही ठिकाणी सरळ यंत्राचे. तो काळजीपूर्वक केलेला अल्बम नाही असं काहींनी मानलं. मला ते पटत नाही. व्यसन, घर, मुलगा यांविषयीची ही गाणी दुसऱ्या कुणी गायली असती तर ती सुरेल झाली असती आणि खोटी ठरली असती. 'वाजवायचं कुणी' या प्रश्नाचं उत्तर इथे बेकरच्या स्वतःच्या विरोधात जाणारं होतं, आणि त्यानं ते स्वीकारलं. २००८च्या 'सर्कस मनी'मध्ये तर निर्मितीच त्यानं लॅरी क्लाइन या दुसऱ्या माणसावर सोपवली आणि रेगेच्या ठेक्यावर स्वतः गात, वाजवत राहिला.

'टू अगेन्स्ट नेचर' हा स्टीली डॅनचा वीस वर्षांनंतरचा अल्बम २००० साली आला, निर्माते बेकर आणि फेगन. पुढच्या वर्षी त्याला वर्षातला सर्वोत्तम अल्बम धरून चार ग्रॅमी मिळाल्या. स्पर्धेत एमिनेम आणि रेडिओहेड होते, त्यामुळे ते म्हाताऱ्यांनी म्हाताऱ्यांना दिलेलं बक्षीस आहे असं तेव्हा बोललं गेलं. एमिनेमचा अल्बम जास्त हादरवणारा होता हे खरंच, पण बक्षिसाचा वाद बाजूला ठेवून गिटारकडे कान दिला तर वेगळंच काही ऐकू येतं. १९७०च्या अल्बमांत जिथे एकेका सोलोला एकेक पाहुणा होता, तिथे आता बहुतेक जागी बेकरच आहे, आणि तो पूर्वीपेक्षाही कमी वाजवतो. दोन-तीन सूर, थांबा, पुन्हा तोच विचार किंचित वाकवून. कार्लटनसारखी झेप इथे कुणाला आठवतही नाही, कारण ही गाणी तशी झेप मागत नाहीत. त्यांतली माणसं थकलेली आहेत, आणि गिटारही त्यांच्याच वयाची वाटते.

तीन वर्षांनी, २००३ मध्ये, 'एव्हरीथिंग मस्ट गो' आला. त्याचं मुद्रण पुन्हा जुन्या अ‍ॅनालॉग टेपवर झालं, आणि गाण्यागणिक नवे वादक बोलावण्याऐवजी एक ठरलेला लहान संघ एकत्र बसून वाजला. ड्रमवर कीथ कार्लॉक, गिटारला जॉन हेरिंग्टन आणि ह्यू मॅक्रॅकन. 'वेंडेल'चा मागमूस नाही. 'स्लँग ऑफ एजेस' या गाण्यात मुख्य गायक म्हणून बेकरचा जाडाभरडा आवाज येतो, स्टीली डॅनच्या स्टुडिओ अल्बमवर प्रथमच. आणि बेस, जी चक रेनीला ऐकून त्यानं १९७४ नंतर बहुतांशी बाजूला ठेवली होती, ती इथे तो स्वतः वाजवतो. कार्लॉकच्या ठेक्याला जरा मागून धरत, एकही जास्तीचा सूर न घालता.